येगळा तवा

अकोल्याच्या जठारपेठेत सकाळी कुणाकडे गेलात आणि घरच्या बाईनं "ऑम्लेट टाकते, बसा" म्हटलं, तर भिडस्तपणा बाजूला ठेवून विचारून घ्यावं: कशाचं? निम्म्या घरांत उत्तर येईल, बेसनाचं. तेही असं सहज येईल, की अंड्याचं ऑम्लेट ही कुण्या दुसऱ्या गावची पद्धत असावी. बेसन, भेदरं म्हणजे टमाटर, कांदा, हिरवी मिरची आणि मूठभर सांभार. पुण्या-मुंबईकडचे ज्याला कोथिंबीर म्हणतात तो हा सांभार; दक्षिणेकडच्या सांबाराशी त्याचं काही नातं नाही. तव्यावर पसरायचं, सराट्यानं म्हणजे उलथण्यानं उलटायचं, बशीत घालून वर शेंगदाण्याची चटणी. याला धिरडं म्हणा असं सुचवलं तर घरातली लहान मुलंही नाराज होतात. धिरडं ते वेगळं, ऑम्लेट ते वेगळं.

हा नाद मला फार जुना आहे. कुणाच्या घरी जेवायला गेलो की ऑम्लेटमध्ये काय काय घालता, हा प्रश्न मी कधी ना कधी काढतोच. लोक आधी हसतात, मग तावातावानं बोलायला लागतात. पुरणपोळीच्या कृतीवर सुना-सासवांचं एकमत होतं, कारण ती सणाची असते आणि सणाला शिस्त असते. ऑम्लेट हे बिनसणाचं खाणं. त्याला ना मुहूर्त, ना नैवेद्य. त्यामुळे ज्याचं त्याचं ऑम्लेट ज्याच्या त्याच्या स्वभावासारखं होतं आणि प्रत्येकाला आपलंच बरोबर वाटतं.

आधी अंड्याचं घेऊ. वऱ्हाडातल्या घरगुती ऑम्लेटमध्ये कांदा बारीक चिरलेला आणि कच्चाच पडतो. तो आधी परतून घेणारे लोक मला भेटले आहेत. ते बहुतेक पुण्यात नोकरी करून परत आलेले असतात. मिरची लवंगी, हळद चिमूटभर, तिखट वरून. इथवर सगळा महाराष्ट्र सारखाच. खरा वऱ्हाड दिसतो तो उरल्यासुरल्याच्या भरणात. आदल्या रात्रीचं वांग्याचं भरीत ऑम्लेटच्या पोटात घालून दुमडणारी घरं मी पाहिली आहेत. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांवर वांगं भाजलेलं असेल तर त्याचा धुरकट वास अंड्याला असा लागतो, की त्यापुढे दुकानातल्या चीजची पट्टी फिकी पडते. हिवाळ्यात मेथी, हिरवा लसूण, कांद्याची पात. ठेचा बहुतेक घरांत वरून लावतात. आत घातला तर अंडं हिरवट दिसतं म्हणून बायका नको म्हणतात आणि पुरुष मुद्दाम घालतात. टमाटरावर मात्र सगळीकडे वाद. माझं मत टमाटराच्या विरुद्ध आहे. अंड्याचं पांढरं साधारण 62 अंश सेल्सिअसला धरायला लागतं, पिवळं त्यानंतर. टमाटर त्यात पाणी सोडत राहतं, मग ते पाणी आटवायच्या नादात अंडं चामट होतं. बिया काढून घातलं तर चालतं, पण बिया काढण्याइतका वेळ ज्याच्याकडे आहे त्यानं ऑम्लेट करू नये, भाजी करावी.

ऑम्लेटमध्ये काय असावं हा वाद फक्त आपल्याकडचा नाही. फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर माँ-सँ-मिशेल नावाच्या बेटावर मादाम पुलार म्हणून एक खाणावळवाली होऊन गेली. तिच्या ऑम्लेटमध्ये नेमकं काय असतं यावर फ्रेंच खवय्यांनी वर्षानुवर्षं तर्क लढवले. कुणी म्हणे साय, कुणी म्हणे कोंबड्यांची खास जात. अखेर 1922 मध्ये एकानं पत्र लिहून तिलाच विचारलं. म्हातारीचं उत्तर पाच-सहा वाक्यांचं: अंडी फोडते, नीट फेटते, तव्यात चांगलं लोणी घालते, त्यात अंडी ओतते आणि तवा सारखा हलवत राहते. जठारपेठेत हे उत्तर दिलं असतं तर बायकांनी विचारलं असतं, "अन् कांदा?"

आता बेसनाकडे वळतो, कारण खरी गंमत तिथं आहे. बेसनाचं ऑम्लेट म्हणजे अंडं न मिळालेल्यांनी केलेली तडजोड, असं शहरी लेखक लिहितात. मला ते पटत नाही. वऱ्हाडात बेसन ही तडजोड कधीच नव्हती. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरला आहे. तिथं विहिरीचं पाणी खारं, म्हणून ओलिताची आशा कमी. पण काळ्या मातीत पावसाचा ओलावा टिकतो, आणि त्या ओलाव्यावर रब्बीत हरभरा येतो. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 1969 चं. 'जाकी 9218' आणि 'पीडीकेव्ही कांचन' ही हरभऱ्याची वाणं कास्तकारांना ठाऊक आहेत ती याच विद्यापीठामुळे. शेतात हरभरा, एमआयडीसीत डाळमिला, घरात डब्यात बेसन. पिठलं, झुणका, पाटवडी, गोळाभात, आलुबोंडा, कचोरी, भजी: वऱ्हाडी माणूस दिवसातून एकदा तरी हरभऱ्याला हात लावतोच. एवढं पीठ घरात असताना ऑम्लेट नावाचा नवा पाहुणा आला, तेव्हा त्याला बेसनाच्या पाटावर बसवणं हा घरचा शिष्टाचार होता.

आणि बेसन हे काम झकास करतं. शंभर ग्रॅम बेसनात साधारण 22 ग्रॅम प्रथिनं असतात, शंभर ग्रॅम अंड्यात 13 च्या आसपास. अंड्याची प्रथिनं तापली की घट्ट होतात, बेसनात प्रथिनांबरोबर पिष्टही घट्ट होतं, म्हणून दोन्हीचं ऑम्लेट उलटता येतं. फरक असा, की अंडं शिजवताना घाई चालते, बेसनाला चालत नाही. कच्च्या बेसनाचा वास सगळ्या खाण्यावर पाणी फिरवतो. म्हणून ज्या घरात हे नीट होतं तिथं तीन गोष्टी ठरलेल्या असतात. पहिली, बेसनात आधी कांदा-टमाटर कालवायचं आणि पाणी नंतर, कारण टमाटराचं पाणी किती सुटेल ते आधी कळत नाही. दुसरी, कालवलेलं पीठ दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं, म्हणजे पीठ पाणी पितं आणि गुठळ्या आपोआप मोडतात. तिसरी, आच मध्यम आणि पहिल्या बाजूला झाकण. ओवा हवाच, बेसन पोटाला जड, त्याला ओवा उतारा. कुरकुरीतपणासाठी कुणी वाटीमागे दोन चमचे तांदळाचं पीठ घालतं, कुणी रवा, कुणी ज्वारीचं पीठ. मी ज्वारीच्या पक्षात आहे. तांदळाच्या पिठानं कडा छान होतात, पण मग ते डोशाकडे झुकतं. गंमत म्हणून चिमूटभर काळं मीठ घालून पाहा. त्यात गंधकाची संयुगं असतात आणि अंड्याचा वासही गंधकाचाच, त्यामुळे डोळे मिटून खाणारा फसतो. जठारपेठेतल्या सात्त्विक घरांत मात्र हा प्रयोग सांगू नये. ज्या वासाला टाळायला बेसन घेतलं, तोच परत घरात आणणारा माणूस त्यांच्या लेखी वात्रट.

अंडं आणि बेसन यांच्यात इथं भांडण आहे असं वाटत असेल, तर खागिना आठवावा. कांदा-मिरची-हळदीत परतलेली अंडी, आणि हैदराबादी घरांत त्यात बऱ्याचदा पडणारं चमचाभर बेसन. खागिना हा शब्दही फारसी आणि पदार्थही तिकडून आलेला. अचलपूर, म्हणजे जुनं एलिचपूर, ही इमादशाहीची राजधानी. 1724 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला निजाम-उल-मुल्कानं मुबारिझखानाला हरवलं आणि वऱ्हाड निजामाकडे गेलं; 1853 मध्ये ते इंग्रजांच्या कारभारात आलं. सव्वाशे वर्षांच्या त्या सरकत्या सत्तेचा हिशेब इतिहासकार महसुलाच्या कागदांत शोधतात. तो मला अकोल्यातल्या मुस्लिम घरांच्या न्याहारीतही दिसतो: एकाच कढईत अंडं आणि हरभरा, कुणाचीही हरकत नाही.

हरकत असते ती तव्याची.

वऱ्हाडातल्या अर्ध्या-शाकाहारी घरांत अंड्याचा तवा वेगळा असतो. तो कधी मोरीजवळच्या खिळ्याला टांगलेला, कधी गच्चीवरच्या खोलीत, कधी अंगणातल्या वातीच्या स्टोव्हशेजारी. घरातले पुरुष आणि पोरं तिथं जाऊन अंडी करतात. बायका बहुधा करत नाहीत, फक्त दुरून सूचना देतात. "तो तवा घरात आणू नको, बाप्पा. अन् सराटाबी येगळा घे," हे वाक्य माझ्या मामीच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय की त्याची चाल पाठ आहे. श्रावणात तो तवाही झोपतो. शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराच्या कावडी अकोल्यात येतात, तोवर बऱ्याच घरांत अंड्याचं नाव निघत नाही. या भागावर महानुभावांची छाया आहे, त्यांचं रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातलं. तीर्थक्षेत्र शेगाव जवळ. हाती खराटा घेतलेले गाडगेबाबा जत्रेतल्या पशुबळीविरुद्ध बोलले ते इथल्याच मातीतून. व्यापारी पेठांतली मारवाडी आणि जैन घरं वेगळीच. त्याच अकोल्यात बौद्ध आणि मुस्लिम वस्त्यांत अंडं हा कुणाच्या चर्चेचा विषयच नाही. ते भाजी नसेल त्या दिवशीचं जेवण आहे. म्हणजे एका गावात तीन-चार व्याख्या एकमेकींना न दुखवता नांदतात, आणि त्यांना नांदवणारी युक्ती म्हणजे वेगळा तवा.

या व्याख्यांचा माग काढता काढता मी अनपेक्षितपणे गांधीजींपाशी पोचलो आणि तिथंच रमलो.

1888 मध्ये मोहनदास विलायतेला निघाले तेव्हा बेचरजी स्वामी या जैन साधूनं त्यांना आईसमोर तीन शपथा घ्यायला लावल्या. त्यांतली एक मांस न खाण्याची. हे सगळ्यांना माहीत आहे. पुढचं कमी लोकांना आठवतं. लंडनमध्ये आहाराचे प्रयोग करताना एका सुधारकाचं म्हणणं त्यांना पटलं, की अंडं म्हणजे मांस नव्हे, त्यात कुणा जिवाला इजा होत नाही. झालं, मोहनदासांनी अंडी खाल्ली. तो प्रयोग पंधरवडाभरही टिकला नाही. आत्मकथेत ते लिहितात की विलायतेत मांसाच्या तीन व्याख्या सापडल्या. एकीत फक्त पशुपक्ष्यांचं मांस, म्हणजे मासे चालतील. दुसरीत मासेही वर्ज्य, पण अंडी चालतील. तिसरीत अंडी आणि दूध दोन्ही वर्ज्य. पहिल्या व्याख्येप्रमाणे त्यांना मासेही खाता आले असते. पण त्यांनी हिशेब वेगळा केला. शपथ आईसाठी घेतलेली, तेव्हा शपथेतल्या शब्दाचा अर्थ आईच्या मनातला. आईच्या व्याख्येत अंडं मांसात येत होतं. प्रश्न मिटला. मग शाकाहारी खाणावळींतही कशात अंडं घातलंय हे विचारत बसावं लागलं, कारण तिथली पुडिंगं आणि केक अंड्याचे असत. बरेच पदार्थ सुटले आणि जेवण आणखी साधं झालं.

आता याच माणसानं चोपन्न वर्षांनी काय लिहिलं ते पाहा. 1942 मध्ये आगाखान पॅलेसात स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावरचं छोटं पुस्तक लिहिलं, 'आरोग्याची किल्ली'. आहाराच्या प्रकरणात ते म्हणतात की वैद्यकाच्या भाषेत दूध प्राणिजन्य आहे, तरी सामान्य माणूस ते मांसाहार मानत नाही; आणि अंडं मांस नाही, तरी सामान्य माणूस ते मांस मानतो. पुढे ते निर्बीज अंड्यांचा विषय काढतात. कोंबड्याचं दर्शनही न झालेली कोंबडी अंडी देते, त्यांतून पिल्लू कधीच निघत नाही. म्हणून ज्याला दूध चालतं त्याला अशी अंडी चालायला हरकत नसावी, असा त्यांचा निष्कर्ष.

गांधींचे भक्त हे पान फारसं उघडत नाहीत आणि विरोधकांना ते माहीत नसतं. मला या दोन मजकुरांत विसंगती दिसत नाही. पहिल्यात ते स्वतःच्या शपथेबद्दल बोलतात, दुसऱ्यात इतरांच्या आहाराबद्दल. आईची व्याख्या त्यांनी स्वतःला लावली, शेजाऱ्याला लावली नाही. मामीही हेच करते. घराचा तवा तिच्या व्याख्येचा, अंगणातला ज्याच्या त्याच्या.

निर्बीज अंडं 1942 मध्ये नवलाचं होतं. आज दुकानात मिळणारं जवळपास प्रत्येक पांढरं अंडं तसंच असतं. त्यामागे पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजच्या बी. व्ही. राव यांचा हात मोठा. पिंजऱ्यातल्या लेगहॉर्न कोंबड्यांची 'बीव्ही 300' ही संकरित जात वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते, आणि त्या पिंजऱ्यांत कोंबडा नसतो. अंड्याचा भाव व्यापारी पाडतात आणि उत्पादक मरतो, हे पाहून रावांनी गावोगाव बैठका घेतल्या. त्यातून 1982 मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. रोजचा भाव समिती जाहीर करू लागली आणि रोज अंडी खा सांगणारी संडे-मंडेची ती जाहिरात घराघरांत पोचली. अंडं स्वस्त आणि रोजचं झालं ते तेव्हापासून. जाहिरातीनं शपथा मोडल्या नसतील, पण अंगणातल्या तव्यांची विक्री नक्की वाढली असणार.

सरकारनं मात्र आईचीच व्याख्या उचलली. 2001 मध्ये खाण्याच्या पाकिटांवर शाकाहाराची हिरवी आणि मांसाहाराची तपकिरी खूण सक्तीची झाली. त्यात अंडं तपकिरी बाजूला गेलं, निर्बीज असो वा सबीज. पाकिटापुरतं ते ठीकच म्हणायचं. घेणाऱ्याला कळायला हवं. गडबड झाली ती खूण पाकिटावरून पोरांवर आली तेव्हा.

नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागानं शासन निर्णय काढला: शाळेतल्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा, बुधवारी किंवा शुक्रवारी, अंडं द्यायचं. उकडून, पुलावात किंवा बिर्याणीत. न खाणाऱ्याला केळं किंवा स्थानिक फळ. अंड्यामागे पाच रुपये. हा निर्णय वाचताना मला बरं वाटलं होतं, कारण त्याची रचना मामीच्या घरासारखीच होती. पण विरोध सुरू झाला. जानेवारी 2024 मध्ये दुसरं फर्मान निघालं: अंडं खाणाऱ्या मुलाच्या ओळखपत्रावर लाल ठिपका, न खाणाऱ्याच्या ओळखपत्रावर हिरवा. शाळेतल्या चाळीस टक्क्यांहून अधिक पालकांचा विरोध असेल, तर मध्यवर्ती स्वयंपाकघरानं त्या शाळेला अंडी न देता केळी द्यायची. म्हणजे जवळपास साठ टक्के घरांना अंडं चालत असलं, तरी त्यांच्या पोरांनी केळं खायचं. ठिपक्याची कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली कोण जाणे. वेगळा तवा घरात चालतो, कारण तवा वेगळा असतो, माणसं एका पंगतीत असतात. इथं तवा एकच राहिला आणि पोरं वेगळी काढली.

जानेवारी 2025 मध्ये तिसरा निर्णय आला. अंडा पुलाव आणि गोड पदार्थ ऐच्छिक झाले. त्यांच्यासाठी सरकार निधी देणार नाही, हवं तर शाळेच्या व्यवस्थापन समितीनं लोकसहभागातून पैसे जमवावेत. वाचलेली रक्कम वर्षाला पन्नास कोटींच्या घरातली होती असं वर्तमानपत्रांत आलं. ज्यांनी धर्माच्या बाजूनं विरोध केला त्यांना वाटलं आपण जिंकलो. मला वाटतं जिंकला तो वित्त विभाग.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात याच्या उलट उदाहरण आहे. धारणी आणि चिखलदरा हे मेळघाटातले तालुके. कुपोषणाच्या बातम्यांमुळे ते देशाला माहीत झाले. तिथं आणि राज्याच्या इतर आदिवासी भागांत 2015 मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. आधी गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार. पुढच्या वर्षी सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं, न खाणाऱ्याला केळी. अंमलबजावणीत काय काय होतं त्याच्या तक्रारी खूप आहेत. पण कागदावरची कल्पना शहाणी आहे. खाणारं पोर आणि न खाणारं पोर एकाच अंगणवाडीत बसतं, खूण कुणावर नाही.

बेसनाच्या ऑम्लेटवरचं माझं प्रेम यानं कमी होत नाही. ज्वारीचं पीठ घालून, झाकण ठेवून केलेलं ते खमंग ऑम्लेट मला अंड्याच्या बरोबरीचं वाटतं, आणि ज्यांना ते कमी प्रतीचं वाटतं त्यांनी पीठ दहा मिनिटं भिजू दिलेलं नसतं. पण जठारपेठेतल्या घराला अंडं नको म्हणता येतं, कारण त्या घरात डाळ आहे, दूध आहे, दाण्याची चटणी आहे. नको म्हणण्याची ऐपत असलेल्या घरांनी, ज्यांच्याकडे पर्याय नाही त्यांच्या ताटाची व्याख्या ठरवू नये. गांधीजींनी आईचा शब्द पाळला आणि तरी दुसऱ्याच्या ताटातल्या अंड्याची वकिली केली. दोन्ही एकाच माणसाला जमलं. मेळघाटातल्या अंगणवाडीसाठी जे कागदावर तरी जमलं, ते अकोल्यातल्या शाळेत न जमायला कारण काय? पैसा म्हणत असाल, तर हिशेब सरकारनंच मांडला होता: आठवड्याला एक अंडं, पाच रुपये.